खिंडीखालची माघार: चौघांच्या एका हिवाळी ट्रेकचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

चार मित्रमैत्रिणींनी ऐन हिवाळ्यात डोंगरातील एका रुळलेल्या वाटेवर तीन दिवस आणि दोन रात्रींचा ट्रेक आखला होता. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून येथे त्यांना अ, ब, क आणि ड असे म्हटले आहे आणि ठिकाणाचे तपशील गाळले आहेत. वेळा, अंतरे आणि निर्णयांचा क्रम मात्र चौघांनी वेगवेगळ्या सांगितलेल्या हकिकतींवरून आणि ड हिने वाटेत ठेवलेल्या नोंदींवरून जुळवला आहे.

अ ही आयोजक होती आणि तिने ही वाट उन्हाळ्यात केलेली होती. ब हा चौघांत सर्वांत दमदार होता आणि बर्फात चालण्याचा सर्वाधिक सराव त्यालाच होता. ड हिने दुर्गम भागातील प्रथमोपचारांचे प्रशिक्षण घेतले होते. क याने ट्रेक पुष्कळ केले होते, पण बर्फात मुक्काम करण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

पहिल्या रात्री दरीच्या तळाशी ओढ्याकाठी तंबू टाकायचे, दुसऱ्या दिवशी ६ किलोमीटर चालून आणि ७०० मीटर चढून खिंड गाठायची, ती ओलांडून पलीकडच्या दगडी निवाऱ्यात रात्र काढायची आणि तिसऱ्या दिवशी त्याच बाजूने खाली उतरायचे, अशी योजना होती. अ हिने वेळेचा हिशेब नेस्मिथच्या नियमाने केला होता. दर ५ किलोमीटर अंतराला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, असा १८९२ साली मांडलेला हा ठोकताळा उघड्या वाटेवर आजही बऱ्यापैकी लागू पडतो. त्यानुसार खिंडीपर्यंत साधारण २ तास २० मिनिटे लागली असती. बर्फ आणि पाठीवरचे ओझे धरून तिने तो आकडा दुप्पट केला. सकाळी साडेसातला निघायचे, सव्वाबाराच्या सुमारास खिंडीत पोहोचायचे आणि एक वाजेपर्यंत खिंड गाठता आली नाही तर आहोत तिथून मागे फिरायचे, हे निघण्याआधीच लिहून चौघांना कळवलेले होते. घरी थांबलेल्या एका मित्राकडेही हा आराखडा होता आणि रात्री आठपर्यंत उपग्रह संदेशयंत्रावरून खुशाली आली नाही तर बचाव पथकाला कळवायचे, असे त्याला सांगून ठेवलेले होते.

ही तयारी निष्काळजी गटाची नव्हती. म्हणूनच हे प्रकरण तपासण्याजोगे वाटते.

पहिली रात्र आणि हातातून गेलेली सकाळ

अंदाज उणे ८ अंशांचा होता. तंबूबाहेर टांगलेल्या तापमापकाने पहाटे उणे १४ दाखवले. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि दरीच्या तळाशी साचून राहते. त्यामुळे ओढ्याकाठची सपाट, सोयीची जागा बहुधा आसपासची सर्वांत गार जागा असते. पन्नास-साठ मीटर वर, झाडीतल्या एखाद्या टप्प्यावर तंबू लावले असते तर रात्र नक्कीच सुसह्य झाली असती.

क याच्या स्लीपिंग बॅगवर उणे १० हा आकडा ठळक छापलेला होता. या आकड्याने अनेकांची फसगत होते. सध्याच्या आयएसओ २३५३७ मानकात बॅगेची वेगवेगळी तापमाने दिली जातात. आरामाच्या तापमानाला माणूस सैल पडून शांत झोपू शकतो, तर खालच्या मर्यादेला तो अंग आखडून कशीबशी रात्र काढतो. त्याही खालचे टोकाचे तापमान केवळ जीव वाचण्यापुरते असते. उणे १० ही त्या बॅगेची खालची मर्यादा होती आणि आरामाचे तापमान उणे ४ होते. शिवाय त्याच्या अंगाखाली एकच पातळ फोमची मॅट होती. अंगाच्या भाराने बॅगेचे खालचे भरण दबते आणि त्यात हवा उरत नाही, म्हणून जमिनीकडून येणारा गारठा अडवण्याचे काम जवळजवळ सगळे मॅटवरच पडते. क रात्रभर कूस बदलत राहिला, त्याला झोप लागली नाही आणि सकाळी खाण्याची इच्छाही उरली नाही. विचारल्यावर त्याने "ठीक आहे" एवढेच उत्तर दिले.

सकाळचा वेळ स्टोव्हने खाल्ला. गॅसच्या डब्यात ब्युटेनचे प्रमाण जास्त होते आणि साधे ब्युटेन उणे ०.५ अंशाखाली वायुरूप होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप राहते खरे, पण मिश्रणातले प्रोपेन आधी जळून संपते आणि मग ज्योत मंदावते. डबा रात्रभर तंबूच्या पडवीत राहिला होता. त्यात भर म्हणून पाण्याचा फिल्टरही गोठला होता. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतले तंतू फाटलेले असू शकतात, ते बाहेरून दिसत नाही आणि त्या फिल्टरवर पुन्हा विसंबता येत नाही. त्यामुळे सगळे पाणी उकळून घ्यावे लागले. ओढा गोठलेला असल्याने बरेचसे पाणी बर्फ वितळवूनच मिळवावे लागत होते आणि शून्य अंशावरचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापते. ड हिने एक लिटरचा थर्मास गरम गोड पाण्याने भरून घेतला. त्याचे महत्त्व पुढे कळेल.

गट निघाला तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

पहिला निर्णय: जो घेतलाच गेला नाही

पावणेपाच तासांची चाल धरली, तर सव्वानऊला निघालेला गट दोन वाजता खिंडीत पोहोचणार होता आणि मागे फिरण्याची वेळ एक होती. म्हणजे खिंड ओलांडण्याची योजना तंबूच्या जागीच संपली होती. हे गणित कोणीही पुन्हा मांडले नाही. अ हिने घड्याळ पाहिले आणि जरा भरभर चाललो तर वेळ भरून निघेल असे म्हटले. ब याने मान डोलावली. क याला मुळात उशिराची टोचणी होती, कारण त्याची सॅक भरून व्हायची राहिली होती. ड हिने वहीत निघण्याची वेळ लिहिली, पण त्यावर काही बोलली नाही.

पुढे जे घडले त्यातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळी चौघेही सुरक्षित होते, वारा नव्हता, दिवस हाताशी होता आणि तीन चांगले पर्याय समोर होते: खिंडीच्या दिशेने फक्त एक वाजेपर्यंत चालून त्याच तळावर परत येणे, तळ झाडीत हलवून विश्रांती घेणे, किंवा सरळ खाली उतरणे. कोणत्याही पर्यायात काही गमवावे लागणार नव्हते. मात्र कोणी प्रश्नच न काढल्यामुळे यातला एकही पर्याय उच्चारला गेला नाही आणि मागे फिरण्याच्या वेळेचा निर्णय आपोआप अशा जागेवर ढकलला गेला, जिथे तो घेणे सर्वांत कठीण होते.

चढावर

झाडी संपेपर्यंत चाल बरी होती. त्यानंतर गुडघाभर भुसभुशीत बर्फ लागला आणि ब पुढे राहून वाट तुडवू लागला. वाट तुडवणाऱ्याचे आणि त्याच्या पावलांत पाऊल टाकणाऱ्याचे श्रम फार वेगळे असतात. पुढचा घामाघूम होतो, तर मागच्याला दर दोन पावलांनंतर थांबावे लागते. ब एका पातळ शर्टावर चढत होता आणि त्याला वाऱ्याची जाणीवही होत नव्हती. क हा तिसरा होता. सकाळी काकडत असल्यामुळे तो जाड पिसांचे जॅकेट अंगात घालूनच निघाला होता, पहिल्या तासाभरात आतला थर घामाने भिजला होता आणि आता उघड्यावर थांबत थांबत चालताना तो ओलावा त्याच्या अंगातली ऊब ओढून घेत होता. भिजलेली पिसे फुगत नाहीत आणि ऊबही धरत नाहीत. गटातला ज्याचा शब्द सर्वांत वजनदार होता तोच त्या वेळी सर्वांत उबदार होता, ही गोष्ट नोंदवून ठेवावी लागेल.

एक वाजता खिंड अजून सुमारे १५० मीटर उंचीवर होती. हवेचे तापमान उणे १० च्या आसपास होते आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या घरात होता. अशा वाऱ्यात उघड्या कातडीला उणे २० इतका गारवा जाणवतो.

एक वाजताचे पर्याय

चौघे एका खडकाच्या आडोशाला जमले. बोलणे वाऱ्यामुळे ओरडूनच करावे लागत होते आणि ते जेमतेम पाच मिनिटे चालले.

पहिला पर्याय पुढे जाण्याचा होता. ब म्हणाला, "अर्ध्या तासात वर असू, आणि पलीकडे छप्पर आहे." पुढे निवारा असला की मागे फिरणे नेहमीच जड जाते, कारण पुढे जाणे हेच सुरक्षिततेकडे जाणे वाटू लागते. परंतु तो निवारा खिंडीपलीकडे आणखी ३ किलोमीटरवर होता आणि त्याकडे उतरणारा पहिला टप्पा वाऱ्याच्या आडच्या बाजूला होता. अशा बाजूला वारा बर्फ वाहून आणून थापतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, जिथे बहुतेक हिमस्खलने होतात, असा थापलेला बर्फ धोक्याचा असतो. अ हिच्या नकाशावर तो टप्पा ३५ अंशांचा दिसत होता.

दुसरा पर्याय ठरल्याप्रमाणे लगेच मागे फिरण्याचा, आणि तिसरा १२० मीटर खालच्या झाडीच्या पट्ट्यात तंबू टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहण्याचा होता. ड हिने तिसऱ्याचा आग्रह धरला. क याला विचारले तेव्हा त्याने तुम्ही म्हणाल तसे, असे उत्तर दिले. अ हिने मधला मार्ग काढला: आणखी वीस मिनिटे चालू आणि मग ठरवू.

हा मधला मार्ग दिसायला समजूतदार होता. पण ज्या क्षणी ठरलेली मर्यादा वीस मिनिटांनी पुढे गेली, त्या क्षणी ती मर्यादा राहिली नाही. पहिली वीस मिनिटे ज्या कारणाने दिली, त्याच कारणाने पुढची वीसही देता आली असती.

क याची अवस्था

वीस मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटे गेली. ड मागे होती आणि क दोनदा अडखळलेला तिने पाहिला. तिने त्याला थांबवून पाणी प्यायला सांगितले. पाण्याची बाटली काढण्यासाठी त्याला सॅकचा छातीवरचा बक्कल सोडायचा होता. त्याने जाड हातमोजा काढला, तो वाऱ्याने दोन हात लांब उडाला आणि क त्याच्याकडे नुसता पाहत राहिला. मग त्याने उघड्या अंगठ्याने बक्कलच्या चुकीच्या बाजूवर, सपाट प्लास्टिकवर, पुन्हा पुन्हा दाबले. ड हिने काय करतोस असे विचारल्यावर तो चिडून काहीतरी पुटपुटला आणि ते शब्द जड, एकमेकांत मिसळलेले होते. तासभर चाललेली हुडहुडी ओसरत आली होती.

अडखळणे, चाचपडणे, पुटपुटणे आणि विनाकारण चिडणे ही शरीराचे आतले तापमान घसरत असल्याची ओळखीची चिन्हे आहेत. ३५ अंशांखाली हायपोथर्मिया सुरू होतो आणि साधारण ३२ अंशांपर्यंत माणूस शुद्धीवर असतो आणि कुडकुडत असतो. हुडहुडी हा शरीराचा उष्णता निर्माण करण्याचा मोठा मार्ग आहे. म्हणून माणसाला ऊब न मिळता ती थांबणे हे सुधारणेचे नव्हे, तर बिघाडाचे लक्षण ठरते. थंडावलेला मेंदू आपण थंडावलो आहोत हे ओळखू शकत नाही, त्यामुळे क याच्या "मी ठीक आहे" या उत्तराला तेव्हा काहीच किंमत नव्हती.

केलेली कार्यवाही

येथून पुढे सूत्रे ड हिने हातात घेतली आणि इतरांनी एका शब्दानेही वाद घातला नाही, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. ब याची पहिली सूचना क याला तडक झाडीपर्यंत चालवत नेण्याची होती, म्हणजे चालून तो गरम होईल. ड हिने ती मान्य केली नाही. थंडावलेल्या माणसाला लगेच चालवले तर हातापायांतले गार रक्त आत परतते आणि गाभ्याचे तापमान आणखी घसरू शकते, म्हणून आधी निदान अर्धा तास त्याला आडोशात, हालचालीविना ऊब द्यावी, असे तिला शिकवलेले होते.

तंबूचे बाहेरचे कापड खडकाच्या आड चौघांच्या डोक्यावरून ओढून घेतले. दोन मॅट एकावर एक टाकून क याला त्यांवर आडवे केले, ओला आतला थर काढून अ हिचा कोरडा सदरा घातला, त्याचे पाय स्लीपिंग बॅगेत सरकवले आणि थर्मासमधले गरम पाणी दोन बाटल्यांत भरून, मोज्यांत गुंडाळून, काखेत आणि छातीशी ठेवले. उरलेले गोड पाणी तो कप हातात धरू शकतो आणि नीट गिळतो आहे याची खात्री झाल्यावरच घोटघोट पाजले. हातपाय चोळायचे नाहीत, हे ड हिने ब याला दोनदा बजावले. पंधरा मिनिटांनी क जोराने कुडकुडू लागला आणि ते पाहून ब घाबरला. ड हिला मात्र त्याच क्षणी धीर आला.

बचाव पथकाला संकटसंदेश पाठवायचा की नाही, हा प्रश्न त्या कापडाखालीच निघाला. ड हिचे म्हणणे तत्काळ पाठवावा असे होते. अ हिला वाटत होते की हेलिकॉप्टर त्या वाऱ्यात येणार नाही आणि पायी येणाऱ्यांना रात्र होईल. अखेर अर्ध्या तासाने क याचे बोलणे स्पष्ट झाले तर खाली उतरायचे, नाहीतर संकटाचे बटण दाबायचे, असे ठरले. या वेळी मात्र वेळ आणि अट दोन्ही मोठ्याने उच्चारली गेली आणि पाळली गेली. सव्वादोनला क याने स्वतः बक्कल लावून दाखवला. ब सॅक वाहून नेण्यासाठी दोन फेऱ्या करायला तयार झाला आणि क रिकाम्या पाठीने, दोघींच्या मधोमध, आधीच तुडवलेल्या वाटेने झाडीत उतरला.

परिणाम

साडेतीनच्या आत तंबू उभे होते. क याला ब याच्या हवेच्या मॅटवर आणि फोमच्या मॅटवर, म्हणजे दुहेरी थरावर झोपवले; दोन मॅटची उष्णतारोधक क्षमता एकत्र मिळते. गॅसचा डबा त्या रात्री ब याच्या स्लीपिंग बॅगेत राहिला आणि सकाळी स्टोव्ह पहिल्या प्रयत्नात पेटला. स्टोव्ह पडवीत, दोन्ही बाजूंनी हवा खेळती ठेवूनच चालवला गेला, कारण बंद तंबूत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. घरच्या मित्राला बदललेली योजना सात वाजण्यापूर्वी कळवली होती.

तिसऱ्या दिवशी चौघेही आपल्याच पाऊलखुणांवरून उतरले. क याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांना हिमदंशाची सुरुवात झाली होती. बोटे पांढरी पडून पुन्हा रंगावर आली, फोड आले नाहीत, परंतु टोकांचा बधिरपणा जायला काही आठवडे लागले.

वेगळे काय करता आले असते

साधनांबाबत फार लिहिण्याचे कारण नाही. स्लीपिंग बॅग आरामाच्या तापमानावरून निवडणे, जाड मॅट घेणे, गॅस आणि फिल्टर अंगाजवळ ठेवून झोपणे, निघताना थोडे गार वाटेल इतकेच कपडे अंगावर ठेवणे आणि जाड जॅकेट थांबल्याबरोबर चढवणे, हे सगळे चौघांना ऐकून माहीत होते. हातमोजे मनगटाला दोरीने बांधलेले असते तर अंगठा आणि तर्जनी वाचली असती.

खरा प्रश्न बोलण्याचा आहे. क याने नंतर सांगितले की आपल्याला जमणार नाही हे त्याला पहाटेच कळले होते, पण तिघांची सुटी आपल्यामुळे वाया जाईल या भीतीने तो गप्प राहिला. मित्रांच्या गटात ही भिडस्तपणाची अडचण अनोळखी माणसांच्या गटापेक्षा मोठी असते आणि "सगळे ठीक ना?" असे सर्वांदेखत विचारून ती सुटत नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते. किती तास झोपलास, काय खाल्लेस, पायाची बोटे जाणवतात का, अंगातला थर ओला आहे का, असे प्रश्न विचारले असते तर क याला खरे सांगावेच लागले असते. सर्वांत नवख्या माणसाला आधी बोलू दिले असते तर "तुम्ही म्हणाल तसे" म्हणायला त्याच्यापुढे कोणाचे मतही नसते.

वेळेबाबतही तसेच. मागे फिरण्याची वेळ ठरवणाऱ्या गटाने निघण्याची शेवटची वेळही ठरवायला हवी होती. साडेसातला निघालो तर खिंड, सव्वाआठनंतर खिंड नाही, एवढे एक वाक्य आराखड्यात असते तर सव्वानऊला कोणाला धाडस करून नकार द्यावा लागला नसता. अ हिने पुढच्या हिवाळ्यासाठी याच वाटेचा जो आराखडा केला आहे, त्यात ही वेळ वरच्या ओळीत आहे आणि खिंडीआधी झाडीच्या पट्ट्यात मुक्कामाचा एक जादा दिवस धरलेला आहे. ब वाट तुडवण्याची पाळी दर पंधरा मिनिटांनी बदलण्याचा आग्रह धरतो आहे, त्याने मागच्यांचे अंग गार पडणार नाही आणि पुढच्याला मागच्यांची अवस्था कळेल.

संकटसंदेशाच्या मुद्द्यावर चौघांचे अजूनही एकमत नाही. ड हिला वाटते की हुडहुडी थांबलेली दिसली तेव्हाच बटण दाबायला हवे होते, कारण पथकाला पोहोचायला कित्येक तास लागतात आणि ते तास वाट पाहून वाया घालवणे परवडत नाही. प्रकृती सुधारली तर संदेश मागे घेता येतो. मला तिचे म्हणणे पटते. त्या दुपारी क सावरला, पण एक चाळीसला तो सावरेल असे मानायला त्या कापडाखाली कोणाकडेही आधार नव्हता.